मधला फ्यूज

शेवंताबाईला कुणी काही दिलं, की ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची आणि मग वस्तूकडं. मग तो पाहुण्यांनी आणलेला पेढा असो, नाहीतर शेजारणीनं दिलेली कोथिंबिरीची जुडी असो. वस्तू काय, बोलत नाही; तोंड बोलतं, असं तिचं म्हणणं होतं. आणि खोटं कशाला बोला, तिचं म्हणणं बऱ्याचदा खरंही ठरायचं.

कासुर्डीपासून हायवे सोडून आत गेलं की ओढ्याच्या कडेला तिची वस्ती. गॅसची टाकी आली की ती ताणकाट्याला अडकवल्याशिवाय टाकीवाल्याला हलू द्यायची नाही. यवतच्या बाजारात कांदा विकायला गेली तर व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी स्वतः उभी राहायची, कारण तिला स्वतःचं वजन पाठ होतं. गावातल्या बायका लग्नाचा बस्ता काढायला निघाल्या की तिला सोबत न्यायच्या. शेवंताबाई साडीचा काठ थुंकीनं ओला करून अंगठ्यानं घासायची आणि दुकानदाराचा चेहरा पडायचा. तिला लोक मागं ‘संशयी’ म्हणत आणि पुढं ‘आक्का, जरा येता का’ म्हणत.

हा स्वभाव ती माहेराहून घेऊन आली नव्हती. तो तिला सासरी लागला, नवऱ्यामुळं. हौसराव म्हणजे समोरच्यानं नुसतं ‘आप्पा’ म्हटलं तरी विरघळणारा माणूस. एका सालाला घरी शेंगा घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्याखाली लोहचुंबक लावलेलं निघालं, आणि ते शोधलं कुणी, तर काट्याला सरबताचा पेला टेकवायला वाकलेल्या शेवंताबाईनं. हौसराव त्या व्यापाऱ्याला तरीही म्हणाला, बसा, सरबत तर घ्या. त्या दिवसापासून घरातला सगळा संशय एकट्या बाईच्या वाट्याला आला. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. शेवंताबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

पुढं हौसराव गेला. मुलगा रोहिदास आणि सून अनुपमा शिक्रापूरला. तो कंपनीत, ती घरात, भाड्याची खोली. वस्तीवर उरली एकटी शेवंताबाई आणि बांधापलीकडं तिचा दीर चांगदेव, त्याची बायको सविता आणि मुलगा सार्थक. आजारी पडलं तर हाक मारायला हेच एक घर. आणि दोन्ही घरांमध्ये एक विहीर, सामाईक.

ह्या विहिरीची एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की एक दिवस चांगदेवचा, एक दिवस शेवंताबाईचा आणि एक दिवस विहिरीचा. विहिरीच्या दिवशी मोटरीला कुणी हात लावायचा नाही, झरे भरू द्यायचे. सासऱ्यानं घालून दिलेली वहिवाट. आणि ती मोडू नये म्हणून दुसरी एक खूणगाठ होती, ती म्हणजे मधला फ्यूज. स्टार्टरच्या पेटीत चिनीमातीचे तीन फ्यूज. ज्याची पाळी संपली त्यानं मधला उपसायचा आणि पुढच्याच्या घरी नेऊन द्यायचा. तो नसला तर मोटर जागची हलत नाही. चांगदेव आपल्या दिवसाच्या शेवटी फ्यूज खिशात घालून वहिनीच्या ओट्यावर यायचा, चहा प्यायचा, पिकाची दोन वाक्यं बोलायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी शेवंताबाई फ्यूज पदराला बांधून त्याच्याकडं जायची. पुढचा दिवस विहिरीचा, म्हणून सविता तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवायची.

म्हणजे ज्या दिवशी मोटर बंद राहायची, त्याच दिवशी ती चालू करायचं साधन दिराच्या घरात. एवढी संशयी बाई, पण ह्या गोष्टीवर तिची झोप कधी उडाली नाही. एक-दोनदा काडेपेटी मागायच्या निमित्तानं ती देव्हाऱ्याकडं नजर टाकून आली होती, ते सोडा. फ्यूज जागेवर होता.

मग बिबट्या आला. आमच्या शिरूर-दौंड भागात उसामधला बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही, भाऊबंद झालाय. शेतीची लाईट आठवडा आठवड्यानं पाळी बदलते आणि रात्रीची आली की अंधारात विहिरीवर जायचं कुणी, हा प्रश्न पडला. भांडगावाकडच्या एका वस्तीवरून वासरू उचललं गेलं, तेव्हा सार्थकनं हट्टच धरला आणि मोबाईलवर चालणारं स्टार्टर बसवून घेतलं. पेटीत एक डबी, डबीत सिमकार्ड आणि फोनमध्ये ॲप. घरात बसून बोट दाबायचं, मोटर चालू. बोट दाबायचं, बंद. मोटर चालू असली की फोनवर हिरवा ठिपका, बंद असली की लाल.

“मंजी आता फ्यूज काढायचा न्हाई?” शेवंताबाईनं विचारलं.

“कशाला काढायचा, मोठ्याई? तिघांच्या फोनवर दिसणार. कुणी कवा चालू केली, कवा बंद केली, सगळ्यांच्या डोळ्यासमोर,” सार्थक म्हणाला.

डोळ्यासमोर म्हटल्यावर ती कबूल झाली. तिच्याकडं रोहिदासनं वापरून सोडलेला फोन होता. पाठीला तडा, बॅटरी दुपारीच मान टाकणारी, पण चालायचा. सार्थकनं त्यात ॲप घातलं आणि तिथंच पहिली पाल चुकचुकली. ॲप एकच, पण तिन्ही फोनांवर त्याच्या तीन तऱ्हा. सार्थकच्या नव्या फोनवर ते लख्ख उघडायचं आणि मोटर चालू झाली की घंटा वाजायची. चांगदेवनं चष्मा टाळायला अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळं त्याच्या पडद्यावर ‘मोटर बंद करा’मधलं ‘बंद करा’ कडेला कापलं जायचं. पण घंटा वाजायची. शेवंताबाईच्या फोनवर ॲप उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर चुलीवरचं दूध वर यायचं. आणि घंटा नाहीच.

“माझ्यातच कमी का दिलं?” तिनं विचारलं.

“कमी न्हाई दिलं. तुमचं मॉडेल येगळं हाय.”

मॉडेल वेगळं. शेवंताबाईनं मान हलवली. आयुष्यभर व्यापाऱ्यांनी तिला हेच सांगितलं होतं, की माल तोच आहे, फक्त तुमचा ढीग वेगळा आहे. बटणावर तर तिनं विश्वास टाकलाच नाही. दिवसाची लाईट असली की आपल्या पाळीला ती चालत विहिरीवर जायची, स्टार्टरचं बटण हातानं दाबायची आणि संपल्यावर हातानंच बंद करून यायची. रात्रीची असली तर पाळी सोडून द्यायची, पण फोनवर बोट ठेवायची नाही. फोन तिला हवा होता तो फक्त दुसऱ्यावर नजर ठेवायला.

शिमगा झाल्यावर सार्थक म्हणाला, की ॲपचं नवं व्हर्जन आलंय, सगळ्यांनी अपडेट करायचं, फोन द्या, मी करून देतो. शेवंताबाईनं फोन दिला नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पोराच्या हातात दुर्बीण द्यायची, एवढी ती खुळी नव्हती. ती एस.टी.नं यवतला गेली आणि इनुसच्या मोबाईल दुकानात फोन ठेवला. इनुस तिच्या भाच्याच्या वर्गातला, दुकान जुनं, माणूस सरळ.

इनुसनं फोन खालवर केला. “मावशी, न्हाई व्हायचं. लई जुना झाला ह्यो. नवीन व्हर्जन घेतच न्हाई. हे बघा, लिहून आलंय, ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही.’”

“सुसंगत मंजी?”

“दोघांचं जमत न्हाई.”

“जमत न्हाई का जमवायचं न्हाई?” शेवंताबाईची नजर काचेच्या कपाटातल्या नव्या फोनांवरून फिरली. “आन् जमणारा फोन तुझ्याकडंच आसंल.”

“हाय की,” इनुस म्हणाला.

इनुसची चूक एवढीच झाली, की तो खरं बोलला. तिथंच शेवंताबाईच्या मनात त्याचा काटा लोहचुंबकाचा ठरला. तिनं फोन ओढून घेतला आणि जुनं ॲप उघडून दाखवलं. “हे काय, उघडतंय की. ठिपका दिसतोय की हिरवा. आज भावजींचा दिवस, मंजी बराबर हाय.”

“दिसंल मावशी. पण त्याच्या भरवशावर राहू नका. वरनं उघडतं आन् आतनं बंद पडलेलं आसतं.”

“बरं बरं,” म्हणून ती उठली. सगळे एकाच माळेचे मणी, असं मनाशी म्हणत घरी आली.

आणि त्यानंतर दोन दिवसांनी, विहिरीच्या दिवशी, तिला तो ठिपका दिसला. हिरवा. ‘मोटर चालू आहे.’

विहिरीच्या दिवशी मोटर म्हणजे तळाचं पाणी ओढणं, आणि तिच्या भुईमुगाला तर आऱ्या सुटत होत्या, शेंगा धरायचे दिवस. ती तशीच उठून विहिरीवर गेली. मोटर गप्प. पाइपावर तळहात ठेवला, ओल नाही, थरथर नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, की फोन चुकला. शेवंताबाईला वाटलं, की आपण बांधावर दिसलो. घरात बसून बंद करायला काय, एक बोट तर लागतं. घरी येऊन तिनं फोन बघितला, तर पुन्हा हिरवा. म्हणजे पाठ फिरली की लगेच चालू केली.

पुढच्या फेरीला ती बांधावरून गेलीच नाही. पदर खोचून, वाकून, ओढ्यातून गेली. ह्या वयात. काटे भरले, चप्पल तुटली. वर डोकं काढलं तर मोटर गप्पच. आता ओढ्यातून आलेलं कुणाला दिसलं? तिनं मागं वळून बघितलं. चांगदेवच्या घराच्या धाब्यावर सविता कुरडया वाळत घालत होती. सवितानं तिला बघितलं आणि हात हलवला. चहाला बोलावत होती ती. पण शेवंताबाईला कोडं सुटलं, की ही तिथं पहाऱ्याला बसवलीय आणि हात हलवून खाली इशारा करतेय.

संशयाला पुरावा लागत नाही, पण मिळाला तर तो सोडतही नाही. चांगदेवची गवार हिरवीगार, तिच्या भुईमुगाची पानं पिवळी. त्याची जमीन काळी आणि तिची मुरमाड, हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण त्या चैत्रात तिला ते आठवेना. एवढी नजरेची पक्की बाई, पण हातात फोन आल्यापासून तिनं विहिरीत डोकावून पाण्याची खूण बघणं सोडलं होतं.

शेवटी तिनं चांगदेवला बांधावर गाठलं.

“भावजी, इहिरीच्या दिशी मोटर का चालवताय?”

चांगदेव हातातला विळा खाली ठेवून उभा राहिला. अंगानं आडवा, बोलायला सावकाश माणूस. “न्हाई वं वहिनी. कोण म्हनलं?”

“फोन म्हनतोय.”

“माझ्या फोनवर तर लाल हाय. हे बघा.”

“तुमच्या फोनवर लालच आसनार. तुमच्या पोरानं बसवलंय.”

“आवो पर मी कशाला चालवू? इहीर काय माझी एकट्याची हाय का? तुमचा फोनच खोटं बोलत आसंल.”

“माणूस खोटं बोलतो, भावजी,” शेवंताबाई म्हणाली. “फोनला काय मिळनार हाय खोटं बोलून?”

चांगदेव विळा उचलून पुन्हा गवारीत वाकला. ते त्यानं कबूल केल्यासारखंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सवितानं पाठवलेलं ताक तिनं तांब्यासकट परत पाठवलं. त्यानंतर सविता धाब्यावरून हात हलवेनाशी झाली. शेवंताबाईनंही त्या बाजूला बघणंच सोडलं. तिकडं तोंड करून बसायला लागू नये म्हणून ओट्यावरची बाजसुद्धा फिरवून टाकली. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. खरं सांगायचं तर तिला फार एकटं वाटत होतं, आणि जितकं एकटं वाटे तितक्या जास्त वेळा ती ॲप उघडून बघे. ठिपका तिला सोडत नव्हता.

तिनं भावकीतल्या थोरल्या पोपटरावांना सांगितलं, की मला वाटणी करून द्या. विहिरीवर माझी मोटर वेगळी, त्यांची वेगळी.

पोपटराव आबा पिकलेलं पान. त्यांनी हातातली तंबाखू मळायची थांबवली. “शेवंता, येडी का खुळी तू? पानी तळाला गेलंय. दोन मोटरी टाकल्या तर दोघं बी सपर्धेनं उपसणार. इहीर आठ दिसात कोरडी पडंल. तुजा भुईमूग बी जाईल आन् त्याची गवार बी.”

“जाऊ दे. चोराच्या हातनं जाण्यापेक्षा तसं जाऊ दे.”

“चोर म्हनू नगंस. सख्खा दीर हाय.”

“म्हनूनच जिवाला लागतंय, आबा.”

आबांनी मग दोघांना मारुतीच्या पारावर बोलावलं. दिवस विहिरीचाच होता आणि सकाळची लाईट होती. शेवंताबाई आली ती फोन छातीशी धरून. भावकीतली चार माणसं, सविता पदर तोंडाशी धरून कडेला. आबांनी सांगितलं, की फोन पारावर ठेवा. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. चांगदेवच्या फोनवर लाल ठिपका, मोठ्ठी अक्षरं, अर्धी कापलेली. शेवंताबाईच्या फोनवर हिरवा.

“बघा,” शेवंताबाई म्हणाली. “आत्ता ह्या घडीला चालू हाय. हितं माझ्यासमोर बसून पोराकरवी चालवतोय. नवरा गेला तवा ह्यानंच खांदा दिला म्हनून मी गप ऱ्हायले. ज्याला भाऊ म्हनलं त्यो चोर निघाला.”

शब्द गेला. सविता रडायला लागली. चांगदेवनं मात्र सावकाश सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि दोन्ही फोनांच्या मधोमध एक पांढरी वस्तू ठेवली. मधला फ्यूज.

“काल सांजच्याला वहिनींची पाळी संपली, तवा काढला,” तो म्हणाला. “गेल्या दोन फेऱ्या हेच करतोय. वहिनी म्हनल्या तवा मला वाटलं, मशीनच आपोआप चालू व्हतंय का काय. म्हनून मधला काढून बघितला. त्यांच्या पाळीला पहाटं परत लावतो, संपली की काढतो. माझ्या दिशी लावलाच न्हाई.”

“तुझ्या दिशी बी न्हाई? मग गवार?” आबांनी विचारलं.

“गवार गेली, आबा. जाऊ द्या. पर माझ्या दिशी फ्यूज लावून मोटर चालवली आसती, तर इहिरीच्या दिशी त्यो काढलेला व्हता, हे वहिनींला पटलंच नसतं.”

मग त्यानं तो फ्यूज उचलून शेवंताबाईच्या हातात दिला. “ह्यो आता तुमच्याकडंच ठेवा. मला नको. इहीर बी तुम्हीच बघा.” आणि तो उठून गेला. आवाज चढवला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं.

लोक पांगले. शेवंताबाई उठली आणि विहिरीच्या वाटेला लागली. पण स्वभावाला औषध नसतं. चालता चालता तिच्या मनात आलंच, की फ्यूज काय, दुकानात मिळतो, ह्यानं दुसरा बसवला असेल. तिनं पेटी उघडली. दोन पांढरे फ्यूज आणि मध्ये मोकळी खाच. मोटर मेल्यासारखी गप्प. पाइप कोरडा. तिनं दुसऱ्या हातातला फोन वर धरला. ‘मोटर चालू आहे.’ ती कितीतरी वेळ कधी पेटीकडं, कधी फोनकडं बघत उभी राहिली. मग तिनं खूप दिवसांनी बांधापलीकडं बघितलं. गवारीचे शेंडे खाली झुकलेले, पानं करपून कडेला वळलेली. मधल्या पट्ट्यात तर जमिनीला भेगा.

दुपारच्या एस.टी.नं ती यवतला गेली. इनुसनं फोन घेतला, त्यातलं सिमकार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि ॲप उघडून तिच्यापुढं धरलं. हिरवा ठिपका.

“आता ह्या फोनला कुठनं बी काय बी कळत न्हाई, मावशी. तरी म्हनतोय चालू. नवीन व्हर्जन आलं त्या दिशी ह्याला जे शेवटचं कळलं, तेच धरून बसलाय.” मग त्यानं विचारलं, “का वो, लाईट नसताना कवा बघितलं न्हाई का? तवा बी हिरवाच दिसला आसता.”

“लाईट नसताना कशाला बघू?” शेवंताबाई म्हणाली. “लाईट नसल्यावर चोर कशाला येतोय.”

हे बोलली आणि तिथंच स्टुलावर बसली. इनुसनं पाणी पुढं केलं. तिनं त्याच्या तोंडाकडं न बघता ते पिऊन टाकलं. “तू सांगितलं व्हतंस,” एवढंच म्हणाली. साऱ्या जगावर संशय घेतला, आणि घेतला नाही तो ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावरच, हे तिला आता दिसत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. काट्याखाली वाकून बघणारी बाई, आणि ह्या हिरव्या ठिपक्याखाली एकदाही वाकली नाही.

दुसरा दिवस चांगदेवचा होता. सकाळी लाईट आली, पण विहिरीकडं कुणी फिरकलं नाही. शेवंताबाईनं न्याहारी केली नाही. फोन देवळीत पालथा घातला, खोरं घेतलं, पदराचा फ्यूज सोडला आणि मधल्या खाचेत बसवला. कॉक चांगदेवच्या बाजूला फिरवला आणि बटण दाबलं. मोटर घुमली, पाइप थरथरला. गवारीच्या पहिल्या सरीत पाणी शिरलं तेव्हा भेगांमधून बुडबुडे आले. ती अनवाणी चिखलात उतरली आणि दारं धरायला लागली. एक सरी भरली की माती ओढायची, दुसरी फोडायची. शेंडे गेले होते, पण बुडं अजून ओली करण्यासारखी होती.

तिच्या ध्यानात आलं नव्हतं, की चांगदेवच्या फोनवर घंटा वाजते.

तो बांधावरून आला तो जवळजवळ पळतच. हातात काठी. चेहरा असा, की शेवंताबाईनं तो कधी बघितला नव्हता. आपल्या पाळीचं पाणी आता उघड उघड कोण ओढतंय, हे धरायला आलेल्या माणसाचा चेहरा. आणि बांध चढून वर आला तर वहिनी त्याच्याच गवारीत गुडघाभर चिखलात उभी.

तो थांबला. काठी कुठं लपवावी ते त्याला कळेना.

“फोन वाजला,” तो म्हणाला. “मला वाटलं...”

शेवंताबाईनं खोरं टेकवलं. “वाटतंय, भावजी. मला बी असंच वाटायचं.” मग म्हणाली, “तुमाला चोर म्हनले. माझी जीभ झडली न्हाई. चुकले मी.”

चांगदेवनं काठी बांधावर टाकली, पायजमा वर खोचला आणि पुढच्या सरीचं दारं पायानंच फोडलं. लाईट जाईपर्यंत दोघांनी मिळून पाणी धरलं. माती ओढायच्या आवाजातच दुपार सरली.

उन्हं कलली तेव्हा शेवंताबाई ओट्यावर होती. तिनं बाज पुन्हा पहिल्यासारखी, बांधाकडं तोंड करून टाकली होती. चांगदेव आला. खिशातून मधला फ्यूज काढून त्यानं ओट्यावर ठेवला, पूर्वीसारखा. उद्याची पाळी तिची. ती आत गेली, आलं ठेचून चहा केला, साखर जरा जास्तच घातली, दोन कप भरले आणि एक त्याच्या पुढं धरला.

चांगदेवनं हात पुढं केला. पण कप घ्यायच्या आधी त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग चहाकडं.

त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. शेवंताबाईला कळलं. ती नजर तिच्या घरचीच होती. इतकी वर्षं जपलेली ती आज बांधापलीकडच्या घरी गेली होती. तिनं आपल्या कपातला घोट आधी घेतला, त्याला दिसेल असा, आणि त्यानं प्यायला सुरुवात करेपर्यंत वाट बघत बसली.